घरात दहा आठवड्यांचं बाळ, आणि काम दुसऱ्यांच्या बाळांचं

विचारणारी तरुण फिजिओथेरपिस्ट आहे. सहा वर्षं फक्त लहान मुलांसोबत काम करते आहे. बाळ दहा आठवड्यांचं, पूर्ण दिवसांचं, जन्माच्या वेळी कसलीही गुंतागुंत नव्हती. तीन आठवड्यांनी तिला कामावर रुजू व्हायचं आहे. तिने लिहिलंय ते थोडक्यात असं: "मला माझं बाळ दिसतच नाही, तपासणीचा कागद दिसतो. ते दचकतं, मुठी मिटून असतं, मान सारखी उजवीकडेच ठेवतं. चुळबुळीच्या हालचाली दिसतात का ते बघायला मी साठ-सत्तर व्हिडिओ काढलेत. नवरा म्हणतो, तू त्याच्याशी खेळत नाहीस, त्याला तपासत असतेस. घरी ही अवस्था, तर कामावर गेल्यावर दुसऱ्यांच्या मुलांना मी काय देणार?"

मानेपासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात लगेच काही करण्यासारखी गोष्ट तेवढीच आहे.

दचकण्याची काळजी सोडून द्या. मोरो रिफ्लेक्स, म्हणजे ही दचकण्याची उपजत प्रतिक्रिया, चार ते सहा महिन्यांपर्यंत असतोच. दार आपटल्यावर दहा आठवड्यांचं बाळ दोन्ही हात फाकवून दचकलं नाही, तर मला जास्त काळजी वाटेल. मुठींचंही तसंच. या वयात मुठी मिटलेल्या असतात, पण पोट भरलं, झोप लागली की बोटं सैल पडतात. तुमच्या बाळाची पडतात, असं तुम्हीच पुढे लिहिलं आहे. कायम आवळलेली मूठ, आत दाबलेला अंगठा, किंवा एकच हात कधीही न उघडणं, यातलं काहीही तुमच्या वर्णनात नाही.

मान मात्र दाखवून घ्या, याच आठवड्यात. या वयात बाळ ज्या बाजूला तोंड करतं त्या बाजूचा हात लांब आणि दुसरा दुमडलेला, असं तलवारबाजाच्या पवित्र्यात पडून राहतं; ते वयाला धरूनच आहे. पण ते दोन्ही बाजूंना दिसायला हवं. तोंड सारखं उजवीकडे असेल तर डाव्या बाजूचा, कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारा स्नायू आखडलेला असू शकतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. नसेलही, नुसती सवय असेल. पण सवय असली तरी डोक्याचा तोच भाग टेकत राहतो, तिथे कवटी चपटी होते, आणि चपट्या बाजूवर डोकं आपोआप घरंगळतं. चक्र सुरू होतं ते असं. पहिल्या तीन महिन्यांत हात घातला तर हे काम लवकर आटोपतं, सहा महिन्यांनंतर सुरू केलं तर लांबतं. आणि मागचं डोकं चपटं होतंय म्हणून रात्री पालथं झोपवण्याचा विचार कुणी घरात काढला, तर तिथे ठाम राहा. पाठीवर झोपवायची मोहीम अमेरिकेत 1994 साली सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या आकस्मिक मृत्यूंचं प्रमाण तिथे जवळपास निम्म्यावर आलं. डोक्याचा आकार जागेपणी सुधारायचा, झोपेत नाही.

पण ही मान तुम्ही तपासायची नाही. सहकाऱ्याकडे न्या, फाइल करा, नाव नोंदवा, रांगेत बसा. इतर पालक बसतात तसंच.

हे इतकं ठासून सांगते, कारण मी उलट केलं होतं. मोठ्या मुलाच्या वेळी मला त्याची मान एका बाजूला राहते असं वाटलं. तीन रात्री मीच मोजत बसले. पहिल्या रात्री दोन्ही बाजू सारख्या वाटल्या, दुसऱ्या रात्री खूप फरक वाटला, तिसऱ्या रात्री ते रडायला लागलं आणि माझा हात ढिला पडला, काहीच कळलं नाही. दुसऱ्याच्या बाळाच्या बाबतीत माझा हात कधीच असा ढिला पडत नाही. रडतं, मी थांबते, त्याला शांत करते, परत बघते. स्वतःच्या बाळाच्या बाबतीत हातांना भीती लागलेली असते, आणि त्या हातांना ताण किती आहे ते नीट लागत नाही. शेवटी एका सहकारी मैत्रिणीने वीस मिनिटांत बघितलं. थोडा आखडलेपणा होता. तिने मला दोनच गोष्टी सांगितल्या: पाळण्यात डोकं कुठल्या टोकाला ठेवायचं आणि उचलून फिरवताना कुठल्या खांद्यावर घ्यायचं. मला दोन्ही येत होत्याच. पण त्या तिने सांगितल्या म्हणून मी त्या रात्री झोपले.

आता व्हिडिओ. बाळांच्या मेंदूच्या विकासाचे अभ्यासक हाइन्झ प्रेख्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जे काम छापलं, त्यामुळे आपल्या क्षेत्राची दिशा बदलली. साधारण नऊ ते वीस आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या मानेत, धडात, हातापायांत जी बारीक, सतत चालणारी चुळबुळ दिसते, ती नसेल तर सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणाऱ्या कायमच्या अडचणीचा, धोका पुष्कळ वाढतो. हे खरं आहे आणि मौल्यवान आहे. पण ते कसं बघतात ते आठवा. बाळ जागं, शांत, पाठीवर, तोंडात चोखणी नाही, समोर खुळखुळा हलवणारं कुणी नाही, रडत नाही. काही मिनिटांचं सलग चित्रण. बघणारा प्रशिक्षित, आणि शक्यतो बाळाचा इतिहास माहीत नसलेला. तुमचे व्हिडिओ कधीचे आहेत? तुम्हीच लिहिलंय: बरेचसे रात्रीचे, दूध पाजून झाल्यावरचे. म्हणजे बाळ पेंगुळलेलं. पेंगुळलेल्या बाळात चुळबुळ शोधायची नसते. शिवाय दहावा आठवडा म्हणजे ती नुकती उमलायला लागलेली असते. कुठे दिसते, कुठे नाही. बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात ती जास्त ठळक दिसते. आणि हे साधन मुळात ज्या बाळांच्या मेंदूला इजा झाल्याची शंका आहे त्यांच्यासाठी घडलं. पूर्ण दिवसांच्या, नीट दूध पिणाऱ्या, वजन वाढणाऱ्या बाळावर आईने रात्री तीन वाजता चालवण्यासाठी नाही.

मान दाखवायला जाल तेव्हा त्याच सहकाऱ्याला सांगा, बाळ तीन महिन्यांचं झालं की एकदा पाच मिनिटांचं चित्रण बघ. तुमच्या फोनमधले बाकीचे व्हिडिओ पुसा, एवढंही मी म्हणत नाही. फक्त ते परत लावून बघू नका.

इथे एक गोष्ट विचारते, आणि ती तुम्ही स्वतःला शांतपणे विचारा. व्हिडिओ बघून झाल्यावर तुम्हाला हायसं वाटतं का? वाटलं तर ते किती वेळ टिकतं? पाच मिनिटांत पुन्हा बघावंसं वाटत असेल, बाळ झोपलेलं असतानाही तुम्हाला झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, डोक्यात नको ती चित्रं येत असतील, तर हा व्यवसायाचा परिणाम म्हणून सोडून देऊ नका. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, मन हळवं होणं हे बहुतेकींना होतं आणि ओसरतं. दहाव्या आठवड्यात ते चालू असेल तर ते वेगळं असतं. बाळंतपणानंतरची चिंता नैराश्याइतकीच खरी आहे. फक्त चिंतेतली आई फार दक्ष, फार जबाबदार दिसते, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आपल्या व्यवसायातल्या आईकडे तर नाहीच. एडिनबरा स्केल, बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरणारी प्रश्नावली, तुम्हाला माहीत आहे, 1987 पासून वापरात आहे, दहा प्रश्न, पाच मिनिटं. आपण तो कागद इतर आयांच्या हातात देतो. तो एकदा स्वतः भरा, पण भरून डॉक्टरांना दाखवा, स्वतः गुण मोजून फाइलमध्ये ठेवू नका. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे "कधीच नाही" सोडून दुसरं काही उत्तर असेल तर त्याच दिवशी मदत घ्यायची, बाकीचे गुण कितीही कमी असोत. नवऱ्यालाही भरायला सांगा. वडिलांनाही नैराश्य येतं आणि ते बरेचदा चिडचिडीच्या रूपात येतं.

नवऱ्याच्या वाक्याकडे येते. त्याला ते जसं दिसलं तसं तो बोलला, आणि मला वाटतं त्याला बरोबर दिसलं. पण खेळणं आणि तपासणं यांतला फरक तुमच्या हेतूत शोधू नका, बाळाच्या अवस्थेत शोधा. बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी 1973 साली नवजात बाळाच्या वागण्याची मोजपट्टी मांडली, त्यात बाळाच्या सहा अवस्था आहेत: गाढ झोप, हलकी झोप, पेंग, शांत जाग, चळवळी जाग, रडणं. आपण त्या परीक्षेपुरत्या पाठ केल्या. घरात त्यांचा खरा उपयोग होतो. शांत जाग ही दिवसातून थोडा थोडा वेळच येते. डोळे चमकदार, अंग स्थिर, श्वास एकसारखा. अशा वेळी बाळ तुमच्याकडे बघतं. तुमचं तोंड त्याच्यापासून वीतभर, म्हणजे वीस ते तीस सेंटिमीटरवर असेल तर त्याला ते नीट दिसतं. तेव्हा तुम्ही काही करायचं नसतं. बाळ काहीतरी करतं, मग तुम्ही करायचं. ते हुंकारलं की तुम्ही हुंकार द्यायचा. त्याने तोंड फिरवलं, जांभई दिली, शिंकलं, बोटं फाकवली, की थांबायचं. ते म्हणतंय, जरा दम घेऊ दे. तपासणीत आपण बरोबर याच्या उलट करतो: आपण आधी करतो आणि बाळ काय करतं ते नोंदवतो. तुमच्या नवऱ्याला हाच फरक दिसला असणार.

आणि हे चोवीस तास जमायला हवं असं मनात आणू नका. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळ समोरासमोर असतानाचे क्षण तपासले, तेव्हा निरोगी, प्रेमळ जोड्यांमध्येही दोघांचा सूर जेमतेम 30 टक्के वेळ जुळलेला दिसला. बाकीचा वेळ निसटणं आणि पुन्हा जुळणं. बाळ त्या पुन्हा जुळण्यातून शिकतं. हे वाचलं तेव्हा माझा धाकटा पाच महिन्यांचा होता, आणि मला वाटलं, हे मला पहिल्या बाळाच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर.

टमी टाइमचं, म्हणजे बाळाला जागेपणी पालथं ठेवण्याचं, तुम्ही वेळापत्रक केलंय, दिवसातून पाच वेळा, गजर लावून. गजर बंद करा. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, तीन ते पाच मिनिटं, आणि सात आठवड्यांच्या पुढे दिवसभरात मिळून पंधरा ते तीस मिनिटं एवढं पुरे. तुम्ही पाठीवर टेकून आडव्या झालात आणि बाळ छातीवर पालथं असेल, तर तेही त्यातच धरायचं. मांडीवर पालथं घेऊन ढेकर काढलीत, तीही धरा. पेंगेत घातलं तर ते नाक गादीत घालून रडतं, आणि मग "याला पालथं आवडत नाही" असा शिक्का बसतो. कित्येक पालक हाच शिक्का घेऊन आपल्याकडे येतात.

थोडं विषयांतर करते, पण ते तुमच्यासाठीच आहे. जन्मल्यावर बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकतं, आणि दोन महिन्यांच्या आसपास ते बंद होतं. वर्षानुवर्षं समजूत होती की मेंदू वाढतो आणि तो रिफ्लेक्स दाबला जातो. मानसशास्त्रज्ञ एस्थर थेलन यांनी 1984 साली बाळांना छातीपर्यंत पाण्यात उभं धरलं, आणि "गेलेली" पावलं परत आली. नवजात बाळाच्या पायाला छोटी वजनं बांधली तर असलेली पावलं कमी झाली. म्हणजे बाळाने काही गमावलेलं नव्हतं. त्याच्या मांड्यांना बाळसं आलं होतं आणि स्नायूंना अजून तेवढं बळ नव्हतं. माझ्या मुलाची पावलं बंद झाली त्या दिवशी मला हे सगळं पाठ होतं आणि तरीही मी घाबरले. ज्ञानाने भीती जात नाही. म्हणून म्हणते, तुमच्या ज्ञानावर आणखी ज्ञान ओतून हा प्रश्न सुटणार नाही. दुसऱ्याच्या हातात बाळ देऊन सुटेल.

तारखांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचा पट्टा 8.2 ते 17.6 महिने इतका रुंद आहे. 4.3 टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि पुढे चालली. हा पट्टा आपण पालकांना रोज सांगतो.

नवऱ्याबद्दल आणखी एक. तुम्ही लिहिलंय की तो बाळाला "चुकीचं" उचलतो आणि तुम्ही दर वेळी दुरुस्त करता. मी सांगते कुठे दुरुस्त करायचं: पाठीवर झोपवणं, घट्ट सपाट गादी, जवळ उशी किंवा सैल दुपटं नाही, सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी काढायची नाही, मानेला आधार, आणि कितीही रडलं तरी गदागदा हलवायचं नाही, सहन होत नसेल तर सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटं खोलीबाहेर जायचं. रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं, हे त्याला नीट सांगा. तो ते स्वतःचं अपयश समजत असेल. एवढं सोडून बाकी सगळं त्याच्या पद्धतीने होऊ द्या. तो पाय लोंबकळत ठेवून धरतो? धरू द्या. बाळाला दोन वेगवेगळ्या माणसांचे हात, दोन तऱ्हा मिळणं चांगलं असतं, हे आपण एरवी सगळ्यांना सांगतो. रोज एक तास तुम्ही त्या खोलीत नसाल असं बघा. नुसतं शेजारी बसून गप्प राहणं पुरत नाही, तुमची नजर त्याला कळते.

आता शरीर, कारण तुम्ही त्याबद्दल एक ओळ लिहिलीत आणि पुढे गेलात: "उजवा अंगठा जरा दुखतो." हे जरा नाही. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखतं, बाळाला काखेत हात घालून उचलताना कळ येते, मूठ मिटून मनगट करंगळीकडे झुकवलं की डोळ्यांत पाणी येतं, तर ते डी कर्व्हेन, म्हणजे अंगठ्याकडच्या कंडरांच्या आवरणाचं दुखणं आहे. फ्रिट्झ डी कर्व्हेन या स्विस सर्जननी 1895 साली वर्णन केलं तेच. बाळंतिणींना ते बरेचदा होतं, आणि थेरपिस्ट बाळंतिणींना जास्त छळतं, कारण आपण घरी एक बाळ आणि कामावर दिवसभर सहा-आठ मुलं उचलतो, धरतो, अंगठ्याने दाब देतो. तीन आठवडे हातात आहेत, ते वापरा. अंगठा फाकवून काखेतून उचलणं बंद करा. एक तळहात डोक्या-खांद्यांखाली, दुसरा कुल्ल्यांखाली सरकवून, तळवे वर ठेवून उचला. रात्री अंगठ्यासह मनगटाला आधार देणारा पट्टा बांधा. दूध पाजताना बाळाचं डोकं मनगट वाकवून धरू नका, उशीवर तोलून घ्या. दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जा. त्यावर चांगले उपचार आहेत, पण कामाच्या रेट्यात ते पुढे ढकलले जातात आणि मग सहा महिने अंगठा जड जातो. हे हात म्हणजे आपली उपजीविका आहे.

तसंच उचलण्याचं. सहा आठवड्यांची तपासणी "सगळं ठीक" म्हणून संपली असली तरी त्याचा अर्थ पंधरा किलोचं, ताठरलेलं मूल जमिनीवरून उचलायला शरीर तयार आहे असा होत नाही. सिझेरियन झालं असेल तर पोटाच्या आवरणाला पुरती ताकद यायला महिने लागतात. खोकताना लघवी निसटते का, ओटीपोटात जडपणा वाटतो का, उठून बसताना पोटाच्या मध्यरेषेवर उंचवटा येतो का, हे बघा. यातलं काही असेल तर ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टला भेटा. पहिले दोन महिने मोठी मुलं दोघींनी मिळून उचलायची, हे लेखी मागून घ्या. तोंडी मागितलेलं गर्दीच्या दिवशी विसरलं जातं.

संसर्गाची भीती तुम्हाला आहे, ती रास्त आहे. आपल्याकडची मुलं शिंकतात, लाळ गाळतात आणि आपण त्यांच्या तोंडासमोर असतो. लहान बाळाला खरा धोका डांग्या खोकल्याचा आणि आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूचा. घरातल्या सगळ्या मोठ्यांची डांग्या खोकल्याची लस झाली आहे का ते बघा. दर मुलानंतर साबणाने हात, घरी आल्यावर आधी हात-तोंड धुणं, कपडे बदलणं, मग बाळ. सर्दी असेल तर मास्क लावून पाजा, पाजणं थांबवू नका. दुधाचं सोपं आहे: काढलेलं ताजं दूध खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत उत्तम राहतं. कामावर साधारण दर तीन तासांनी काढावं लागेल. ती वीस-पंचवीस मिनिटं वेळापत्रकात सेशनसारखी आजच अडवून ठेवा, नावासकट. रिकामी दिसलेली जागा कुणीतरी भरतंच.

तुमचा शेवटचा प्रश्न: दुसऱ्यांच्या मुलांना काय देणार? याचं उत्तर द्यायला मला माझी एक चूक सांगावी लागेल.

पहिलं मूल होण्याआधी मी फार कसून होम प्रोग्राम, म्हणजे घरी करायचे व्यायाम, द्यायचे. एका आईला मी अकरा व्यायाम लिहून दिले होते, दिवसातून तीनदा, तक्त्यासह. तिचं मूल आठ महिन्यांचं, वेळेआधी जन्मलेलं. ती दर आठवड्याला तक्ता आणायची, सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा. मूल मात्र पुढे सरकत नव्हतं. मी व्यायाम बदलले, वाढवले. एक दिवस ती म्हणाली, "मॅडम, मी खुणा रिक्षात बसून करते. मला तुमच्यासमोर यायची लाज वाटते." मी तेव्हा समजून घेतल्यासारखी मान हलवली, पण मनात म्हटलं, मुलासाठी एवढंही होत नाही?

दोन वर्षांनी माझ्या घरात बाळ आलं. कुणीही मला एकही व्यायाम दिलेला नव्हता, बाळ निरोगी होतं, मदतीला माणसं होती, तरी दुपारी चार वाजेपर्यंत माझे केस विंचरायचे राहून जायचे. एका दुपारी बाळाला मांडीवर घेऊन बसले असताना मला ती आई आठवली आणि मी रडले. तिच्याकडे अकरा व्यायाम होते, दिवसातून तीनदा, एकट्या बाईकडे.

त्यानंतर मी तक्ते बंद केले. आता मी पहिल्या भेटीत म्हणते, "कालचा दिवस उठल्यापासून सांगा." डायपर दिवसातून किती वेळा बदलता, कुठे बदलता, जमिनीवर की पलंगावर, तेव्हा हातात काय असतं, मोठं भावंड काय करत असतं. मग त्या दिवसात आधीच असलेल्या एका-दोन गोष्टींत काम बसवते. डायपर बदलताना कुशीवर वळवून मग उचला, सरळ पाय धरून उचलू नका. दिवसाला आठ-दहा वेळा आपोआप वळण्याचा सराव होतो आणि आईचा एक मिनिटही वाढत नाही. आंघोळीनंतर पुसताना पालथं. दूध पाजताना बाजू बदलून, म्हणजे मान दोन्हीकडे जाते. एवढंच. पुढच्या वेळी "केलंत का?" असं विचारत नाही, "कुठे अडलं?" असं विचारते. पहिल्या प्रश्नाला लोक खोटं बोलतात, कारण त्यांना बोलावं लागतं. दुसऱ्याला खरं सांगतात. माझ्या कामातला सगळ्यांत मोठा बदल तोच, आणि तो कुठल्याही कोर्समधून आला नाही. तुमच्याकडे तो येऊन बसलेला आहे. तुमचा आत्ताचा थकवा आठवणीत ठेवा. कुणाला काही लिहून देताना, हे मला या दहाव्या आठवड्यात जमलं असतं का, असं विचारा.

एक मात्र करू नका. "मीही आई आहे, मला कळतं" हे वाक्य आजारी मुलाच्या आईसमोर म्हणू नका. तुम्हाला तिची झोप कळते, तिची पाठ कळते. तिची भीती तुम्हाला कळत नाही. तुम्ही जिची कल्पना करून घाबरता, ती गोष्ट तिच्या मांडीवर असते. तिने विचारलंच, तुमचं बाळ कसं आहे, तर "छान आहे, विचारलंत बरं वाटलं" म्हणा आणि तिच्या बाळाकडे वळा.

असा दिवसही येईल की समोरचं बाळ तुमच्या बाळाएवढंच, तीन महिन्यांचं असेल, आणि त्याच्यात ती चुळबुळ खरोखर नसेल. पूर्वी सेरेब्रल पाल्सीचं निदान वर्ष-दोन वर्षं लांबायचं, म्हणून आपल्यावर ही वेळ क्वचित यायची. आता हालचालींचं मूल्यमापन, हॅमरस्मिथ ही बाळाच्या मज्जासंस्थेची तपासणी आणि एमआरआय यांची सांगड घालून सहा महिन्यांच्या आत निदान करता येतं, आणि ते करायलाच हवं, कारण मेंदू सर्वांत जास्त घडण्याचा काळ तोच असतो. पण ते सांगणारा माणूस सावरलेला हवा. मी परत आल्यावर तिसऱ्याच दिवशी असं बाळ बघितलं. त्याची आई बोलत होती आणि मला तिच्या आवाजाऐवजी माझ्या बाळाचं रडणं ऐकू यायला लागलं. मी बाहेर गेले, सहकाऱ्याला बोलावलं, तिने ती भेट पूर्ण केली. त्या आईला माझ्याकडून जे मिळायला हवं होतं ते त्या दिवशी मिळालं नाही, आणि ते मला अजून लागतं. म्हणून तुम्ही आधीच मागा: पहिले सहा आठवडे, सहा महिन्यांच्या आतली नवीन बाळं मला नकोत, दोन-तीन वर्षांची मुलं द्या. कारण विचारलं तर खरं कारण सांगा. आपल्या व्यवसायातल्या वरिष्ठांना हे कळतं, आणि ज्यांना कळत नाही त्यांना कुणीतरी पहिल्यांदा सांगावंच लागतं.

पहिला आठवडा बुधवारी किंवा गुरुवारी सुरू करा, म्हणजे दोन-तीन दिवसांत सुट्टी येते. रात्री दोघांनी वाटून घ्या, तुम्हाला एकसलग चार-पाच तास मिळायलाच हवेत. त्यासाठी काढलेल्या दुधाचं एक पाजणं नवऱ्याकडे द्या. डोळे मिटत असताना गाडी चालवू नका, त्या दिवशी कुणाला तरी न्यायला बोलवा. दिवसाचं शेवटचं सेशन अर्धा तास आधी संपवा आणि नोंदी तिथेच लिहून टाका, घरी आणू नका. घरी पोचल्यावर बाळ झोपलेलं असेल तर उठवू नका. जागं असेल तर हात धुऊन, कपडे बदलून त्याच्याशेजारी आडव्या व्हा, आणि फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या.